कमरेवरचा हूप आणि प्रवासातला हूप एकच असावा का?

गिरकी | सोमवार, सकाळी ७.४०

नमस्कार. मी सोलापूरची. नोकरी पुण्यात असल्याने सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने जाते आणि शुक्रवारी रात्री परतते. हा धागाही गाडीत बसूनच लिहीत आहे. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हा पालकांचा एक नाच बसवला होता. त्यात हूप होते आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला त्याचे वेड लागले. व्यायामाच्या रिंगणाबद्दल मी विचारत नाही. गाण्याच्या ठेक्यावर हूप कमरेवरून खांद्यावर, खांद्यावरून हातात असा खेळवायचा, त्या नृत्याबद्दल विचारते आहे.

आतापर्यंत दोनदा फसले. पहिली रिंग गड्ड्याच्या यात्रेतून आणली. ती जेमतेम ७० सेंटीमीटरची आणि पिसासारखी हलकी होती, त्यामुळे तिसऱ्या फेरीला पायाशी येऊन पडायची. दुसरा हूप ऑनलाइन मागवला. त्याचे आठ तुकडे एकमेकांत बसवायचे होते आणि वरून फोमचे जाड आवरण होते. ‘प्रवासासाठी उत्तम’ असे त्यावर छापलेले असल्याने मी भुलले. गच्चीवर दुसऱ्याच दिवशी तो फिरता फिरता उघडला आणि त्याचा एक तुकडा शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडला.

माझी उंची ५ फूट २ इंच असून कमरेचा घेर ३४ इंच आहे. शिकायलाही चालेल आणि दर आठवड्याला गाडीतून नेता-आणताही येईल असा एकच हूप मिळतो का, हा माझा प्रश्न आहे. व्यास किती, वजन किती, कशाचा घ्यावा आणि किती तुकड्यांचा घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

कडकभाकरी | सकाळी ८.०५

मूळ प्रश्नाआधी काकूंच्या कुरडयांचे काय झाले, हे कळणे आवश्यक आहे.

ठेका | सकाळी ९.३०

गिरकीताई, मी लहान मुलांना आणि गृहिणींना नृत्य शिकवते आणि गेली काही वर्षे त्यात हूपही शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणींपैकी आठ-नऊ जणी मुलांची रिंग हातात घेऊन येतात आणि ती टिकत नाही म्हणून स्वतःच्या कमरेला दोष देतात. दोष कमरेचा नसतो. लहान हूप एका फेरीला कमी वेळ घेतो आणि शिकणाऱ्याच्या शरीराला तेवढ्या वेळात पुढचा धक्का द्यायला जमत नाही. मोठा हूप सावकाश फिरतो आणि चूक सुधारायला उसंत देतो.

माप घ्यायची साधी रीत अशी की हूप पायाजवळ जमिनीवर उभा धरावा आणि त्याची वरची कड बेंबी आणि छाती यांच्या दरम्यान यावी. तुमच्या उंचीला हे माप ९५ ते १०० सेंटीमीटरच्या आसपास येईल. हूप खेळवताना कंबर गोल गोल फिरवायची नसते, हेही सांगून ठेवते, कारण बहुतेक सगळे तिथेच चुकतात. एक पाय किंचित पुढे ठेवून वजन पुढे-मागे, पुढे-मागे टाकायचे आणि हूप पाठीवरून सरकताना जाणवला की तो धक्का द्यायचा.

पुढे हातावर आणि मनगटावर खेळवायचा हूप मात्र याच्या अगदी उलट हवा. तो ७० ते ७५ सेंटीमीटरचा, बारीक पाइपचा आणि हलका असावा. १०० सेंटीमीटरचा हूप हातात फिरवताना तो डोक्याला, पंख्याला आणि प्रेक्षकांना लागतो. त्यामुळे ‘एकच हूप’ या अटीलाच माझी हरकत आहे.

सांगोलेकर | सकाळी १०.१५

ताई, ऑनलाइनच्या नादी लागू नका. आमच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकसाठी जो माल लागतो, त्यातूनच मी माझ्या पुतणीला हूप करून दिला. तो तीन वर्षे चालू आहे.

त्यासाठी ठिबकची काळी लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी बारीक नळी, मात्र घेऊ नये. १६ मि.मी.ची लॅटरल पातळ आणि लोळणारी असते, तिचा हूप फिरताना अंड्यासारखा होतो. एचडीपीईचा, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिलीन प्लॅस्टिकचा, पाण्याचा पाइप मागावा. तो बाहेरून मोजलेल्या व्यासाने मिळतो. २५ मि.मी.चा, सुमारे २.३ मि.मी. जाडीचा पाइप घेतला तर आतली पोकळी २० मि.मी.हून थोडी अधिक राहते. त्यामुळे २० मि.मी. पाइपचा वीतभर तुकडा आत सरकवला की जोड तयार होतो, वेगळा जॉइनर शोधावा लागत नाही. तो तुकडा अगदी घट्ट जात असेल तर मोठ्या पाइपचे टोक उकळत्या पाण्यात मिनिटभर धरावे. एका बाजूला पॉप रिव्हेट मारावे आणि दुसऱ्या बाजूला बारीक स्क्रू लावावा, म्हणजे हवे तेव्हा तिथून उघडता येतो. पाइप गुंडाळीतून कापलेला असल्याने तो आधीच वळलेला असतो आणि गोल धरायला त्रास देत नाही. बाहेरून बाहेर १०० सेंटीमीटर हवा असेल तर ३०६ सेंटीमीटर पाइप कापावा. वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरते.

शंकासूर | सकाळी ११.००

सांगोलेकर, अर्धा किलोचा पाइप कमरेवर आपटत राहिला तर दुसऱ्या दिवशी कंबर निळी होईल. माझ्या पत्नीने पावणेदोन किलोचा, आतून उंचवटे असलेला हूप वजन कमी करण्यासाठी घेतला होता. आठवड्याने तो माळ्यावर गेला आणि डाग मात्र पंधरा दिवस राहिले. माझ्या मते शिकणाऱ्याने हलक्यात हलका हूप घ्यावा, कारण हलकी वस्तू वर टिकवणे सोपे असते, हे उघड आहे.

भूमितीमास्तर | दुपारी १२.४५

शंकासूर, जे ‘उघड’ असते तिथेच विद्यार्थ्यांचे गुण जातात.

हूप खाली का पडत नाही, याचा ढोबळ हिशोब मांडू. हूपचे वजन त्याला खाली ओढते. त्याला धरून ठेवते ते कमरेशी होणारे घर्षण, आणि ते घर्षण कंबर हूपला जेवढ्या जोराने आतून रेटते तेवढ्यावर अवलंबून असते. वजनही वस्तुमानाच्या पटीत असते आणि तो रेटाही वस्तुमानाच्या पटीत असतो, म्हणून समीकरणातून वस्तुमान निघून जाते. उरतो तो हूपच्या आतल्या त्रिज्येतून कमरेची त्रिज्या वजा केलेला फरक, फेऱ्यांचा वेग आणि कापड किती धरते हा भाग.

गिरकीताईंचा घेर ३४ इंच म्हणजे त्रिज्या सुमारे १३.७ सेंटीमीटर. घर्षणांक, म्हणजे पकड दाखवणारा आकडा, ०.५ धरला तर १०० सेंटीमीटरचा हूप टिकवायला मिनिटाला निदान ७३ फेऱ्या लागतात आणि ७५ सेंटीमीटरच्या हूपला ९० लागतात. मिनिटाला ७३ म्हणजे साधा ठेका झाला, ९० म्हणजे धावपळ. प्रत्यक्षात नितंबांचा आधार मिळतो आणि कंबर काही वर्तुळाकार खांब नसते, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण ठेकाताई जे अनुभवाने सांगत आहेत ते असे गणितात उतरते.

वजनाचा उपयोग वेगळा आहे. जड हूप आपली गती सहज सोडत नाही आणि तो पाठीवर कुठे आहे हे अंगाला कळते. अर्धा किलो आणि पावणेदोन किलो यांत फरक आहे. दुसऱ्याला मी व्यायामाचे साधन म्हणेन, नृत्याचे नव्हे.

शंकासूर | दुपारी १.१०

मास्तर, वस्तुमानाचे मान्य. निळ्या डागांचे अमान्य. सुरुवातीचे चार-सहा दिवस अर्ध्या किलोनेही दुखते, एवढे तरी नव्या माणसाला सांगावे.

ठेका | दुपारी १.२५

दुखते, आणि ते सांगितलेच पाहिजे. दिवसाला दहा मिनिटेच करावे आणि दोन्ही दिशांनी करावे, म्हणजे एकच बाजू सोलून निघत नाही.

पूर्वभाग | दुपारी ३.३०

मास्तरांनी कापडाचा उल्लेख करून पुढे सोडून दिला, म्हणून लिहितो. आमचे घर टॉवेलच्या मागांवर चालते, त्यामुळे कापड कशाला धरते आणि कशावरून निसटते हे हाताला ठाऊक असते. गुळगुळीत नायलॉनचा किंवा चकचकीत जिम-पोशाखाचा कपडा आणि नवा कोरा प्लॅस्टिकचा पाइप ही जोडी कधी जमायची नाही. सुती कपडा घालावा. पाइपच्या आतल्या बाजूला, म्हणजे कमरेला लागणाऱ्या बाजूला, १२० नंबरचा पॉलिश पेपर आडवा घासावा. चमक गेली की पकड येते.

बायको तिच्या हूपला सजावटीची चिकटपट्टी तिरकी गुंडाळून वापरते. पट्टी कोणती लावता याला आपल्या गावी फार महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की स्वस्त पट्टीचा डिंक पाझरतो, कडा सरकतात आणि त्या चिकट कडेवर कुत्र्याचे केस, धूळ आणि धागे जमा होतात. आमच्या हूपने एका उन्हाळ्यात टॉवेलचा एवढा पीस गोळा केला होता की तो मफलर घातल्यासारखा दिसत होता. त्यानंतर आम्ही सगळी पट्टी काढली, रॉकेलने डिंक पुसला आणि आतून बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप फक्त चार ठिकाणी वीत-वीतभर लावली. ती टिकली.

विजापूररोड | सायंकाळी ५.००

उन्हाचा विषय निघाला म्हणून माझी चूक सांगतो. मुलीचा हूप गाडीच्या मागच्या सीटवर आडवा बसत नव्हता, म्हणून दोन सीटच्या मधे दाबून उभा अडकवला आणि गाडी होम मैदानाजवळ दुपारभर उन्हात लावून ठेवली. संध्याकाळी काढला तेव्हा तो वितळलेला मुळीच नव्हता, पण सीटने जिथे दाबला होता तिथे त्याला कायमची चपटी कड आली होती. तापलेला पाइप मऊ होतो आणि ज्या आकारात दाबून ठेवाल तोच आकार थंड होताना धरून बसतो. त्याच गुणाचा पुढे मी उलटा उपयोग केला. हूप फरशीवर आडवा ठेवून उन्हात तापू दिला, हाताने गोल केला आणि सावलीत त्यावर सपाट वजन ठेवून रात्रभर राहू दिला. ऐंशी टक्के सुधारला.

कडकभाकरी | सायंकाळी ५.१०

चपट्या कडेचा हूप माझ्या कमरेला जसाच्या तसा बसला असता. तो सरळ करण्यापूर्वी विचारायला हवे होते.

रेल्वेपास | रात्री ८.२०

प्रवासाच्या बाजूवर अजून कोणी नीट लिहिलेले दिसत नाही. हूप लहान करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे एकच जोड उघडून, टोके एकमेकांवरून सरकवत, हूपचे दोन वेढ्यांचे वेटोळे करायचे. व्यास निम्मा होतो, म्हणजे ७५ चा हूप ३७-३८ सेंटीमीटरचा होतो. यासाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा १६ मि.मी.चा पाइप उत्तम. तो बारीक असल्याने सहज वळतो, आणि कडक, उसळीचा असल्याने सोडल्यावर पुन्हा गोल होतो. पोहोचताच तो उघडावा, आठवडाभर वेटोळ्यात ठेवला तर तोही तो आकार लक्षात ठेवतो. एचडीपीईचा २५ मि.मी. पाइप असा वळवायला दोन माणसे लागतात आणि सुटला तर तोंडावर येतो.

दुसरी रीत तुकड्यांची. बटण-स्प्रिंगचे जोड असलेले चार किंवा सहा तुकडे पिशवीत बसतात. विमानाने जाणाऱ्यांना तीच सोयीची, कारण देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आणि ७ किलोची मर्यादा असते. रेल्वेत असा प्रश्न येत नाही. खुर्चीच्या डब्यात वरच्या रॅकवर १०० सेंटीमीटरचा अखंड हूप बाहेर येतो आणि ज्यांच्या डोक्यावर येतो ते काही बोलत नाहीत, फक्त दौंडपर्यंत वर पाहत राहतात.

भूमितीमास्तर | रात्री ८.५५

वर्तुळाचे सहा समान भाग केले तर प्रत्येक भागाची जीवा त्रिज्येइतकी असते, हे आठवीच्या कंपासपेटीतले ज्ञान इथे थेट उपयोगी पडते. १०० सेंटीमीटरच्या हूपचे सहा तुकडे टोकापासून टोकापर्यंत ५० सेंटीमीटर भरतील, म्हणजे रेल्वेपास यांनी दिलेल्या ५५ च्या मापात बसतील. चार तुकडे केले तर ७१ सेंटीमीटर होतात आणि बॅगेत जात नाहीत.

ठेका | रात्री ९.२०

बॅगेत बसेल, पण नाचेल का? सहा जोड म्हणजे सहा ठिकाणी पाइप किंचित जड, किंचित ताठ आणि किंचित खडबडीत. कमरेवर ते चालून जाते. हातावर किंवा मानेवर घेतला की प्रत्येक जोड टक्-टक् करत त्वचेवरून जातो, आणि बटण सैल झाले तर गिरकीताईंच्या कुरडयांची पुनरावृत्ती होते. तुकड्यांचा हूप घेतलाच तर प्रत्येक वेळी वापरण्याआधी सगळी बटणे अंगठ्याने दाबून, प्रत्येक जोड ओढून पाहावा.

पॉलिप्रॉपिलीनबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगते. थंडीत तो ठिसूळ होतो आणि फरशीवर आपटला की तडकतो. सोलापुरात हा प्रश्न येत नाही, पण हिवाळ्यात उत्तरेकडे नेणार असाल तर लक्षात ठेवावे.

जुळे_सोलापूर | रात्री १०.४०

थोडे विषयांतर, तेही पाइपपुरतेच. सांगोलेकरांचा पाइप आणि जगभर गाजलेला हूप यांचे नाते जुने आहे. ऑस्ट्रेलियातली मुले वेताच्या-बांबूच्या कड्या कमरेवर फिरवतात हे ऐकून अमेरिकेतल्या व्हॅम-ओ कंपनीने १९५८ मध्ये प्लॅस्टिकचा हुला हूप बाजारात आणला. त्याच सुमारास फिलिप्स पेट्रोलियम कंपनीकडे ‘मार्लेक्स’ नावाचे नवे पॉलिथिलीन होते आणि त्याला हूपच्या रूपाने मोठे गिऱ्हाईक मिळाले. ते पॉलिथिलीन उच्च घनतेचे, म्हणजे आजच्या भाषेत एचडीपीईच.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हूप-नृत्य मात्र स्वतंत्र आहे. त्यात अनेक लहान कड्या एकमेकींत गुंफून गरुडासारखे आकार केले जातात, आणि फिनिक्सच्या हर्ड संग्रहालयात १९९१ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. आपल्याकडे २०२० मध्ये ईशना कुट्टी यांनी साडी नेसून केलेल्या हूप-नृत्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. सुती साडीवर हूप का टिकतो, हे पूर्वभाग यांचा प्रतिसाद वाचून आज कळले.

सांगोलेकर | मंगळवार, सकाळी ६.५०

म्हणजे हूपचे आणि माझ्या डाळिंबाचे गोत्र एकच निघाले. आता बागेत जाताना पाइपकडे जरा मानाने पाहीन.

कडकभाकरी | सकाळी ७.१५

विनोद बाजूला ठेवून एक विचारतो. गिरकीताई, आपण आठवड्यातल्या चार रात्री पुण्यात असता. मग सराव कुठे होतो?

गिरकी | सकाळी ९.००

कडकभाकरी, आपला प्रश्न वाचून मी स्वतःवरच हसले. सराव पुण्यातच होतो. सोलापुरात शनिवार-रविवार घरची कामे, पाहुणे आणि बाजार यांत जातात, आणि उरलेल्या वेळात मुलीबरोबर गच्चीवर जो खेळ होतो त्याला सराव म्हणता येणार नाही. मी मात्र शिकण्याचा मोठा हूप घरी ठेवायचा असे धरून चालले होते आणि म्हणून तो दर आठवड्याला न्यायचा कसा, या चिंतेत होते. तो एकदाच पुण्याला नेऊन ठेवायचा आहे.

गिरकी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.१५

सर्वांचे मनापासून आभार. सांगोलेकरांच्या सांगण्यानुसार २५ मि.मी.चा पाइप आणून १०० सेंटीमीटरचा हूप केला. २० मि.मी.चा तुकडा आत जाईना, म्हणून चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टोक धरले आणि तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. घाईत हूप गोल करण्याआधीच रिव्हेट मारल्यामुळे जोडाजवळ अगदी बारीक पीळ राहिला आहे. हूप फरशीवर ठेवला की एका बाजूने करंगळीएवढा उचललेला दिसतो, फिरताना मात्र जाणवत नाही. आतून पॉलिश पेपर घासला. पहिल्या संध्याकाळी सलग अकरा फेऱ्या झाल्या, आज शंभराच्या वर मोजणे सोडून दिले. शंकासूर यांना सांगते की उजव्या बाजूला निळा डाग पडला होता आणि आता गेला.

तो हूप अखंडच गाडीतून पुण्याला नेला. रॅकवर ठेवला नाही, खिडकीजवळ खुर्चीच्या पाठीला अडकवला. येण्या-जाण्यासाठी १६ मि.मी.चा, ७५ सेंटीमीटरचा, एकाच जोडाचा पॉलिप्रॉपिलीनचा हूप घेतला. तो वेटोळे करून पाठपिशवीला बाहेरून बांधते. कमरेवर तो अजून टिकत नाही, हातावर मात्र जमू लागला आहे. ठेकाताईंचे म्हणणे खरे ठरले.

आता नवा प्रश्न. शेजारच्या काकूंनी काल गच्चीवरच्या कुरडया स्वतःहून उचलून घेतल्या आणि त्यांनाही एक हूप हवा असल्याचे सांगितले. त्यांची उंची माझ्याएवढीच आहे, पण कमरेचा घेर ४२ इंच आहे. त्यांना माझेच माप चालेल का?

भूमितीमास्तर | रात्री ७.३०

चालेल, पण त्यांना तुमच्यापेक्षा भरभर फिरवावा लागेल. तुमच्याइतकाच निवांत हवा असेल तर हूपची आतली त्रिज्या वजा कमरेची त्रिज्या हा फरक तेवढाच ठेवावा. ४२ इंच घेराची त्रिज्या १७ सेंटीमीटर होते, म्हणजे हूपचा बाहेरचा व्यास १०६ ते १०७ सेंटीमीटर हवा. त्यासाठी ३२७ सेंटीमीटर पाइप लागेल.

सांगोलेकर | रात्री ८.००

३३० कापून ठेवतो. वरचे तीन करवतीचे. मंगळवारच्या बाजाराला सोलापुरात येणार आहे, तेव्हा आणतो. रिव्हेट या वेळी गोल केल्यावर मारा.